माडीवरची हिरवी गाडी

दिगूअण्णांच्या मुलाचा परवा पनवेलहून फोन आला. म्हणाला, "मास्तर, बाबांची गाडी विकायला काढतोय. इंटरनेटवर जाहिरात टाकायची तर त्यात 'कंडिशन' म्हणून एक रकाना आहे. तुम्ही जन्मभर मराठी शिकवलंत, तुम्हीच चार ओळी लिहून द्या." मी बरं म्हटलं. गाडी सध्या माझ्याच अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. वही घेऊन बाहेर आलो, ताडपत्री अर्धी बाजूला केली, चष्मा पुसला आणि तासभर नुसताच बसून राहिलो. गाडीबद्दल लिहायला घेतलं की अण्णा मध्ये येतात. अण्णा आले की सुमनवहिनी येतात. आणि त्या दोघांना चार ओळींत बसवायचं म्हणजे दोन सीटच्या गाडीत वऱ्हाड कोंबण्यासारखं आहे.

अण्णा जाऊन आता वर्ष होत आलं. महाडात आमची घरं समोरासमोर, मध्ये अरुंद आळी. माणूस बुटका, अंगाने सुकट, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. बोटांना रॉकेलचा वास. मूळ गाव पोलादपूरच्या डोंगरात, पण उमेदीची सगळी वर्षं मुंबईला एका पारशी बावाजीच्या गॅरेजात गेली. तिथे जुन्या विलायती गाड्या यायच्या. त्या गाड्यांनी अण्णांना दोन गोष्टी दिल्या, एक म्हणजे पाठदुखी आणि दुसरी म्हणजे 'कंडिशन' हा शब्द.

"कसं काय अण्णा, बरं आहे ना?" असं सकाळी विचारलं की ते थांबून गंभीरपणे सांगायचे, "ए-वन हाय. काल कार्बोरेटर धुतला." आपण त्यांची तब्येत विचारली होती हे त्यांच्या गावीही नसायचं. एकदा त्यांना टायफॉइड झाला होता, मी भेटायला गेलो. घोंगडीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "काळजी नाय मास्तर, ब्रेकचं काम झालेलं हाय."

शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं एक लोहचुंबक असायचं. गाडीचा पत्रा सडला की लबाड लोक तिथे पुट्टी भरून वर रंग मारतात. पुट्टीला लोहचुंबक चिकटत नाही. अण्णांचं म्हणणं असं, की माणसाच्या हातून घडणारं सगळ्यात मोठं पाप म्हणजे पुट्टी. आमच्या आळीतल्या एकाने पुण्याहून जुनी मोटार आणली. नव्यासारखीच दिसत होती. भटजी आले, हार घातला, लिंबं ठेवली, पेढे वाटले. सगळे गाडीभोवती कौतुकाने उभे. अण्णा पेढा तोंडात टाकून गाडीभोवती फिरले आणि डाव्या दाराशी थांबले. खिशातून रुमाल निघाला. चुंबक दाराला लावलं, ते सुळकन खाली पडलं. आणखी दोन ठिकाणी लावलं, दोन्हीकडे पडलं. "ही गाडी मार खाल्लेली हाय," अण्णा म्हणाले, "पन पेढे फस क्लास हायत." गाडीवाल्याने त्यानंतर दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं. अण्णांना याचं खरंच आश्चर्य वाटायचं. आपण त्याच्यावर उपकार केले अशी त्यांची समजूत होती.

पुतणीला स्थळ बघायला गेले तेव्हा चुंबक घरी ठेवायला लावलं होतं. तरी परत आल्यावर म्हणाले, "पोरगा बाहेरून चकचकीत हाय, पन आतून भरलेला वाटतो." त्या पोराने पुढे काय गुण उधळले ते इथे लिहीत नाही. मात्र त्या दिवसापासून वहिनी त्यांना कुठल्याच बैठकीला नेईनात.

आता गाडीकडे येतो. गाडी म्हणजे इंग्रज लोक स्वतःच्या हौसेसाठी बनवायचे तसली, दोन सीटची, छप्पर नसलेली, लांब नाकाची आणि जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. तिचा मालक ती बावाजीकडे दुरुस्तीला टाकून परदेशी गेला तो गेलाच. गॅरेज बंद करताना बावाजीने अण्णांना विचारलं, "दिगू, तुला काय पाहिजे ते ने." दुसऱ्या कुणी वेल्डिंगचं मशीन नेलं असतं. अण्णांनी गंजलेला सांगाडा आणि अकरा पेट्या सुटे भाग नेले.

चौदा वर्षांपूर्वी हे सगळं टेम्पोतून महाडात उतरलं. मी मदतीला गेलो होतो. गाडीला जागा करायची म्हणून वहिनींचं लग्नातलं कपाट मुंबईलाच राहिलं होतं. वहिनी टेम्पोच्या पायरीवर बसून डोळ्यांना पदर लावत होत्या. अण्णा त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "रडतेस कशाला गो? ही तयार झाली की पयली फेरी तुझ्या माहेराला. उमरठला. तू फुडं, माझ्या शेजारी."

"कदी?"

"दोन वर्सांत."

वहिनींनी डोळे पुसले आणि रॉकेलचा कॅन उचलून आत नेला. शब्द दिला तो असा, भर आळीत, माझ्या साक्षीने. म्हणून पुढे जे झालं त्यात मला थोडंफार अडकावं लागलं.

दोन वर्षांची पाच झाली. मग एका पावसाळ्यात सावित्री आळीत आली, घरात आली, आणि गाडीच्या सगळ्या पेट्या चिखलात बुडवून गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळेच फावडी घेऊन घरातला गाळ उपसत होतो. उमरठहून वहिनींच्या थोरल्या भावाचा, बापूदादांचा, निरोप आला की महिनाभर माहेरी या, घर वाळू द्या. अण्णा तेव्हा एक नट दातांच्या ब्रशने घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "येष्टीनं जा की." वहिनींच्या हातातलं फावडं तिथेच थांबलं. म्हणाल्या, "आता जाईन तं तुमच्या गाडीतनंच जाईन. नाय तं जायची नाय." आणि त्या खरंच गेल्या नाहीत. सणाला नाही, लग्नाला नाही, जत्रेला नाही. बापूदादा मात्र दर दिवाळीला येऊन बहिणीला भेटून जायचे आणि जाताना अण्णांना विचारायचे, "पाव्हनं, किती राह्यलं?" अण्णा म्हणायचे, "आता फिनिशिंग."

पुराचा धडा अण्णांनी असा घेतला की गाडी माडीवर न्यायची. त्यांच्या घराची माडी तेव्हा अर्धवट होती, समोरून उघडी. दोरखंड, कप्पी आणि आळीतली आठ माणसं लावून सांगाडा वर चढवला. मीही दोर ओढला होता. वर गाडी सुरक्षित बसली आणि पाऊस तिरपा येऊ लागला, तेव्हा अण्णांनी गवंडी बोलावून समोरची बाजू बांधून घेतली. छान भिंत, मध्ये तीन फुटांची खिडकी, खिडकीला जाळी. कागदाच्या जाडीची फट पट्टीने मोजणारा हा माणूस. गाडीची रुंदी त्यांना झोपेत विचारली असती तरी इंचात सांगितली असती. गिलावा वाळत होता तेव्हा मी सहज विचारलं, "अण्णा, गाडी खाली कशी आणणार?"

त्यांनी गिलाव्यावर बोट टेकवून पाहिलं. मग म्हणाले, "पानी वर नाय आलं म्हंजे झालं."

बाहेरच्या माणसाला यात वेडेपणा दिसेल. पण आम्हा महाडकरांना कुठलीही वस्तू वर कशी जाईल एवढंच सुचतं. टीव्ही, धान्य, म्हातारी माणसं, सगळं आधी वर. ते खाली कसं येणार हा प्रश्न आम्हाला पडत नाही. त्या दिवशी दोर ओढणाऱ्या आठांपैकी एकालाही तो पडला नव्हता, आणि आमच्यात एक निवृत्त ओव्हरसिअरही होता.

पुढची चार वर्षं गाडी वर तयार होत गेली. मूळच्या गाडीत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा होता, तो कुजला होता. अण्णांनी शिवणीचं लाकूड आणलं आणि नात्याच्या एका सुताराकडून, जो बैलगाड्या करायचा, इंच इंच घासून बसवून घेतलं. रंग बाटलीचा हिरवा. दर रविवारी सकाळी नऊला इंजिन सुरू व्हायचं. धुराची नळी खिडकीच्या जाळीतून आळीत काढलेली, म्हणजे थेट आमच्या स्वयंपाकघरात. माझी बायको रविवारी पोहे करायचे सोडून बाहेर अंगणात येऊन बसायची. खाली वहिनींच्या फडताळातले डबे खडखडायचे, वरून चुना भाकरीच्या पिठात पडायचा. "गाडी डोक्यावर पडली तं सवाष्ण जाईन," त्या म्हणायच्या, "तेवडंच बरं."

त्याच सुमारास वहिनींचे गुडघे गेले. जिना चढणं बंद झालं. गाडीला रंग लागायच्या आधी त्यांनी ती शेवटची पाहिली होती. म्हणजे गाडी माडीवर आणि बाईमाणूस तळमजल्यावर, एकाच घरात दोघींची गाठ नाही. मला त्या हळूच विचारायच्या, "मास्तर, तुमी वर जाता. खरं सांगा, दिसते कशी?" मी सांगायचो, चाकांच्या तारा, दिव्यांच्या चांदीच्या कडा, चामड्याच्या सीटा. त्या भाजी निवडत ऐकायच्या. मग म्हणायच्या, "माझी सीट डाव्या अंगाला ना?" उजवी असो की डावी, ती सीट त्यांचीच आहे एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मध्ये एकदा पुण्याहून जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांपैकी एक गृहस्थ आले. पांढरे हातमोजे, हातात बॅटरी. त्यांनी दोन तास गाडी तपासली. अण्णा परीक्षेला बसल्यासारखे भिंतीला टेकून उभे. गृहस्थांनी लाकडावर टिचकी मारली आणि म्हणाले, "हे मूळचं नाही."

अण्णा म्हणाले, "सायेब, इलायतेचं लाकूड इलायतेत टिकतं. हितं चार म्हैने हवा पन वलीच असते."

गृहस्थ हसले. उठता उठता म्हणाले, "अशी कंडिशन मी महाराष्ट्रात पाहिली नाही. चालते कशी?"

"ठाव नाय."

"म्हणजे?"

"चालवली नाय. इंचभर नाय."

गृहस्थांनी प्रथमच भिंत पाहिली. मग खिडकी पाहिली, मग जिना. मोजे काढून खिशात ठेवले आणि चहा न घेता गेले. मला वाटलं, अण्णा खजील होतील. ते दिवसभर आळीत सांगत होते, "पुन्याचा मानूस बोलला, महाराष्ट्रात नाय अशी कंडिशन."

आणि खरं सांगायचं तर भिंत ही अण्णांची सोय झाली होती. रस्त्यावर खड्डे असतात, गुरं असतात, ट्रकवाले असतात. माडीवर गाडीला काही होणार नव्हतं. मला हे कळत होतं. वहिनींना माझ्या आधीच कळलं होतं.

मग उमरठहून वहिनींचा भाचा आला. बापूदादा अंथरुणाला खिळले होते, जेवण तुटलं होतं, सारखं "सुमी आली का?" विचारत होते. अण्णांनी ऐकलं आणि चप्पल शोधायला लागले. "रिक्षा सांगतो गो. लगेच जाऊन ये."

"रिक्षा नको," वहिनी म्हणाल्या. "शबूद गाडीचा हाय."

"अगो, आता हट्ट नको. भिंत फोडायची तं समदा धुरळा गाडीवर. एवडी कंडिशन केलीय..."

"बारा वर्सं गाडीची कंडिशन आयकते मी," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही, हे मला जास्त लागलं. "वर बसलीय तिची तुमाला रोज खबर. खाली बसलीय तिची कदी विचारलीत?"

अण्णा चप्पल हातात धरून उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात कधी रडले नसतील ते अण्णा तिथे दाराच्या चौकटीला धरून रडले. मला त्यांचा राग आला होता, तो तेवढ्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घणाचे आवाज आले. बाहेर येऊन बघतो तर अण्णा स्वतः माडीची भिंत फोडत होते. गाडीवर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या होत्या, वहिनींच्या लग्नातला शालूसुद्धा. दुपारी विहिरीतले पंप काढणारी माणसं आली, साखळीची कप्पी लावली, फळ्या टाकल्या. अख्खी आळी खाली उभी. गाडी हवेत आली, थोडी फिरली, आणि मागचं मडगार्ड फुटक्या विटांना घासलं. कर्रकन आवाज आला. वीतभर ओरखडा, आतला पत्रा दिसेल असा. बायकांनी तोंडावर हात ठेवले. बारा वर्षं ज्या गाडीवर माशी बसू दिली नाही तिची ही गत. गाडी जमिनीला टेकली. अण्णा जवळ गेले, ओरखड्यावर अंगठा फिरवला आणि कप्पीवाल्यांकडे वळून म्हणाले, "चा घेनार का रे?"

वहिनींना गाडीत बसवणं हे गाडी उतरवण्याहून अवघड निघालं. सीट जवळजवळ जमिनीवर, आणि गुडघे वाकत नाहीत. माझ्या बायकोने आणि शेजारणीने त्यांना आधी पाठमोरं बसवलं, मग एकेक पाय उचलून आत ठेवला. आत गेल्यावर वहिनींनी पदर नीट केला, समोरच्या काचेला हात लावला आणि म्हणाल्या, "हिरवीगार हाय हो." बास, एवढंच.

मी मागून स्कूटरवर. माझ्याकडे हत्यारांची पिशवी, पाण्याचा कॅन आणि इंजिनाचे दोन जादा पट्टे. गाडी बंद पडणार याबद्दल अण्णांना इतकी खात्री होती. हायवेवर ते दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाहीत. ट्रक, एसट्या, दुधाचे टेम्पो सगळे आम्हाला ओलांडून जात होते. पोलादपूरला इंजिन तापलं, पाणी घातलं. पुढे चढणीला दोनदा थांबलो. महाराष्ट्रात नाही अशा त्या कंडिशनला एका सायकलवाल्याने मागे टाकलं, आणि जाताना वळून नमस्कार केला.

उमरठात घरासमोर गाडी थांबली आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की वहिनींना उतरता येत नाही. बसणं कसंतरी जमलं होतं, उठणं जमेना. भाच्यांनी दोनदा ओढून पाहिलं, त्या कळवळल्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रे. मी हितंच बसते." आत बापूदादा उठू शकत नव्हते, बाहेर बहीण उठू शकत नव्हती. मध्ये पंधरा पावलांचं अंगण. क्षणभर मला वाटलं, बारा वर्षांचं सगळं इथेच फुकट गेलं. मग भाच्यांनी म्हाताऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं आणि गाडीच्या दाराशी आणून ठेवलं.

बापूदादांनी बहिणीचा हात धरला. "सात वर्सं लावलीस गो सुमे."

"गाडी तयार नव्हती दादा."

म्हाताऱ्याने गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "एवडीशीच? मला वाटलं, येष्टीएवडी तरी असंल."

सगळे हसले, वहिनी हसता हसता रडल्या, आणि मग दोघं भावंडं मोकळेपणाने रडली. भावजयीने गाडीतच ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. ओंजळीतले तांदूळ मांडीवरून घरंगळून सीटच्या फटीत, गिअरच्या खाचेत गेले. मग तिने कुंकवाचं बोट वहिनींच्या कपाळाला लावलं आणि तसंच गाडीच्या हिरव्या नाकावर ओढलं. मी अण्णांकडे पाहिलं. ते कपबशी घेऊन माडाखाली उभे होते आणि खिशातला रुमाल काढून डोळे पुसत होते. चुंबक पायाशी पडलं होतं. त्यांनी ते उचललं नाही.

पंधरा दिवसांत बापूदादा गेले. पुढच्या वर्षी गाडी माझ्या अंगणात ठेवून वहिनींच्या गुडघ्यांसाठी दोघं मुलाकडे पनवेलला गेली, आणि गुडघे बरे व्हायच्या आधी अण्णाच गेले. त्यांना शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात पाहिलं होतं, पण ते दर्शन मी धरत नाही. मी धरतो ते त्या फेरीच्या दिवसाचं, उमरठहून परतताना.

उतार होता, रस्ता नवा डांबरी, ऊन कललं होतं. मी स्कूटरवर मागेच होतो. वहिनींनी काहीतरी म्हटलं, अण्णांनी मान हलवली, वहिनींनी पुन्हा म्हटलं, आता जोरात, मलाही ऐकू आलं: "अवो, मारा की जोरात!" गाडीचा आवाज बदलला. इतका भरदार आवाज तिने माडीवर कधी काढला नव्हता. माझी स्कूटर मागे पडली. उमरठचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे उजवीकडे पोलादपूर, मग महाड, मग घर. डावीकडे घाट, वर महाबळेश्वर. गाडी डावीकडे वळली. मी हॉर्न वाजवला, ओरडलो, "अण्णा, चुकलात!" अण्णांनी मागे पाहिलं नाही. वहिनींचा पदर सुटून मागे फडफडत होता. त्यांनी हात बाहेर काढून मला घरी जायची खूण केली, आणि घाटाच्या पहिल्या वळणाला ती दोघं दिसेनाशी झाली.

हत्यारांची पिशवी माझ्याकडेच राहिली होती.